उचलता येईल तीच घ्या

(वाचकांचे प्रश्न. या वेळची बरीचशी पत्रं छोट्या ॲडव्हेंचर गाड्यांबद्दल आहेत. उत्तरं देणारे आमचे सदरकार चिपळूणला, कुंभार्ली घाटाच्या वाटेवर दुचाकींचं गॅरेज चालवतात. – संपादक)

प्रश्न : माझं वय २२, उंची ५ फूट ३ इंच. आतापर्यंत घरची ॲक्टिव्हा चालवली, गिअरची गाडी मित्राची थोडीफार. आता नोकरी लागली आहे आणि पहिली गाडी घ्यायची आहे. मनात हिमालयन ४५० भरली आहे. शोरूममध्ये बसून बघितली, चवडे टेकतात. सेल्समन म्हणाला, सवय होते. वडील म्हणतात, स्प्लेंडर घे. काय करू? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान, तेव्हा सरळ अरे-तुरेवर येतो.

सेल्समन खोटं बोललेला नाही. सवय होते. ती होईपर्यंत काय काय होतं, ते त्याने सांगितलं नाही.

हिमालयन ४५० गाडी म्हणून मला आवडते. ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएसची ताकद, १७ लिटरची टाकी. पेट्रोलसकट वजन १९६ किलो. सीट ८२५ मिलिमीटरवर, कमी उंचीची सीट बसवून घेतलीस तर ८०५. पण हे सगळं तू शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर अजमावलंस. नाणेघाटाकडे जाताना समोरून एसटी आली की तुला कडेला उतरून थांबावं लागणार, आणि डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे जमीन चार बोटं खाली असते. चवडे तिथे पोचत नाहीत. दोनशे किलोचा ऐवज एकदा ठरावीक कोनाच्या पलीकडे कलला की माणसाच्या एका पायाला तो ऐकत नाही. पाय मध्ये घातलास तर पायच जातो.

माझ्याकडे टेम्पोत घालून ज्या असल्या गाड्या येतात, त्यांतल्या फार थोड्या वेगात पडलेल्या असतात. बाकीच्या उभ्या उभ्या आडव्या झालेल्या. कुठे हेळवाकला चहाला थांबताना, कुठे घाटात यू-टर्न मारताना, तर कुठे मागे भलीमोठी बॅग बांधून तिच्यावरून तंगडी टाकताना. क्लच लिव्हर तुटलेला, गिअर लिव्हर वाकून इंजिनला चिकटलेला, आणि मालक म्हणतो, "थांबलेलीच होती हो." म्हणून नव्या माणसाला मी किती सीसीची हवी असं विचारत नाही. आडवी झालेली गाडी तुला एकट्याला उचलता येईल का, एवढंच विचारतो.

उचलायची रीत आहे. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, दाब. पेट्रोल गळत असेल तर बघ्यांपैकी विडीवाल्याला लांब कर. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला येतो, तो तेव्हाच उघडून ठेव, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअरमध्ये असू दे, म्हणजे मागचं चाक अडून राहील. हँडल ज्या बाजूला गाडी पडली त्या बाजूला पूर्ण वळव. मग गाडीकडे पाठ करून खाली बस, सीटच्या कडेला बूड लाव, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कॅरिअरच्या दांडीवर. पाठ ताठ ठेवून, गाडीकडे लहान लहान पावलं टाकत, मांड्यांच्या जोरावर मागे रेटत जा. हातांनी ओढायला गेलास तर कंबर धरते. गाडी टायरच्या कडेवर टेकून फिरत वर येते, त्यामुळे सगळं वजन अंगावर येत नाही. तरीसुद्धा १९६ आणि १७० किलोतला फरक एकाच दुपारी तिसऱ्यांदा उचलताना चांगलाच कळतो.

शोरूमवाला नवी गाडी आडवी करू देणार नाही. तालुक्यात कुणाकडे तीच गाडी असेल तर त्याला गाठ. गवतावर, खाली जुने टायर टाकून आडवी करायची आणि उचलून बघायची. असल्या गाड्यांचे मालक सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना तेवढाच शोभेचा एक तास मिळतो.

मी तुझ्या जागी असतो तर दोन गाड्या बघितल्या असत्या. हीरोची एक्सपल्स २१० ही २०२५ साली आली. पाण्याने थंड होणारं इंजिन, २४.६ पीएस, वजन १७० किलोच्या आसपास, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. दुसरी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स : २४९ सीसी, २६.५ पीएस, १६७ किलो, पुढे १९ इंची अलॉय चाक. पुणे-नाशिक हायवेला दुसरी जास्त शांत चालते, घाटघरच्या पुढच्या कच्च्या रस्त्याला पहिली. तुझं पत्र वाचून वाटतं की तुला डांबर सुटल्यावरच मजा येणार, म्हणून माझं मत एक्सपल्सला.

आता तू म्हणशील, हिची सीट तर ८३०, म्हणजे हिमालयनहूनही उंच! खरं आहे. पण सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय अधांतरी राहतात. एक्सपल्सची सीट अरुंद आहे. लांब चालीचे शॉकप तू बसलास की दबतात. आणि दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं? बूड अर्धं सरकवून एक पाय टाचेसकट जमिनीला लागला आणि दुसरा ब्रेकवर राहिला की पुरे. १७० किलोला हे जमतं. बघायला जाशील तेव्हा जे बूट घालून गाडी चालवणार, तेच घालून जा. बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे ढकलून बघ, तीही शोरूमच्या बाहेरच्या उतारावर.

तरी उंच वाटलीच तर सीटवाल्याकडून फोम थोडा कापून घे. पण मागच्या शॉकपची लिंक बदलून गाडी खाली बसवून देणारे असतात, त्यांच्या नादाला लागू नकोस. पोट खाली येतं, वळणावर गाडी वेगळी वागते आणि साइड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते, म्हणजे वाऱ्याने पडायला मोकळी.

पैशाचंही ऐकून ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. सरकारने रेघ बरोबर तुझ्या आवडीच्या आणि मी सुचवलेल्या गाड्यांच्या मधून मारली आहे. थर्ड पार्टी विम्याचंही तेच : २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि पुढे २,८०४. नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो.

वडिलांचं मी निम्मं ऐकेन. स्प्लेंडर ११२ किलोची. कुणा काकांची मागून घे आणि महिनाभर तिच्यावर क्लच शिक. चढावर गाडी थांबवून, मागे न सरकता पुढे काढ. शाळेच्या मैदानावर आरटीओच्या परीक्षेतला आठचा आकडा काढ, पाय न टेकता, रोज थोडा लहान करत. ते जमलं की शोरूमला जा.


प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, उंच आहे, गाडी उत्तम चालवतो. एक्सपल्स माझ्या नावावर घेऊन त्याला दिली तर चालेल का? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नाही. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अज्ञान मुलाच्या गुन्ह्याला पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो : २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तोवर चांगली गिअरची सायकल घेऊन द्या. चिखलात तोल सांभाळणं सायकलवर जे शिकतात त्यांना पुढे काही शिकवावं लागत नाही.


प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जावं लागतं. स्कूटरची लहान चाकं पावसाळ्यात रुततात. उंची ५ फूट १ इंच. डीलरने होंडाची एनएक्स २०० दाखवली, म्हणाला, ही ॲडव्हेंचर गाडी आहे, कुठेही जाईल. घ्यावी का? गिअरची गाडी मला येते. – एक वाचक, राजूर

उत्तर : ताई, या सगळ्या पत्रांत खऱ्या ॲडव्हेंचरचं पत्र तुमचंच आहे. बाकीचे रविवारी जातात, तुम्हाला सोमवार ते शनिवार जायचंय.

एनएक्स २०० ही नीट घडवलेली गाडी आहे. १८४ सीसी, १७ पीएस, १४८ किलो, सीट ८१०, दोन्ही चाकांना एबीएस. तुमच्या उंचीला बरीच जवळ. पण "कुठेही जाईल" हे काही खरं नाही. तिचं पोट जमिनीपासून १६७ मिलिमीटरवर आहे. साध्या स्प्लेंडरचं १६५. म्हणजे वरून चोच, उंच हँडल, हातांना गार्ड असा सगळा थाट आहे, पण दगडाला अडकायची वेळ आली की दोन्ही एकाच दगडाला अडकतील. शिवाय तिची चाकं १७ इंची आणि टायर रुंद. पातळ चिखलात अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक जमिनीला लागतो. रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. तुमच्या भागात पूर्वीपासून दूधवाले साध्या शंभर सीसीच्या गाड्यांवर दोन्ही बाजूंना कॅन लावून भर पावसात फिरतात, ते उगाच नव्हे.

उलट बाजूने एक्सपल्स २०० फोर व्ही घ्या म्हणावं तर पोट २२० वर, चाकं मोठी, पण सीट ८२५. मागे लसीची पेटी बांधलेली, अंगावर पंजाबी ड्रेस, आणि दर अर्ध्या तासाने उतरायचं-चढायचं. मैदानात ती गाडी तुम्ही झोकात चालवाल, पण दिवसातून वीसदा पाय वर टाकून कंबर कुणाची दुखणार?

म्हणून मला विचाराल तर १०० ते १२५ सीसीची, १८ इंची चाकांची साधी गाडी घ्या. त्याच मापात खोल नक्षीचे टायर मिळतात, ते दोन्ही चाकांना घाला. इंजिनखाली लोखंडी पत्रा ठोकून घ्या, तालुक्याचा वेल्डर करून देतो. पुढचं मडगार्ड चाकाला अगदी चिकटून असेल तर स्पेसर घालून थोडं वर उचलून घ्या, नाहीतर चिखल आत बसून चाक जाम होतं. साडी गार्ड मात्र काढू नका. पोरंटोरं तो पहिल्या दिवशी काढून फेकतात, पण मागे आशाताई बसल्या तर त्यांची ओढणी किंवा पदर चाकात जाण्यापासून तोच वाचवतो. ही गाडी दोनशेच्या गाडीच्या जवळपास निम्म्या पैशात उभी राहते, आणि वाडीवर बंद पडली तर ती उघडणारा माणूस तिथेच सापडतो.

ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठल्याही गाडीवर थांबा. खालचं काँक्रीट वाहून गेलंय की आहे हे वरून दिसत नाही.


प्रश्न : मे महिन्यात नवी गाडी, जुलैमध्ये लडाख. पहिलीच गाडी, दोनशे सीसी. खारदुंग ला चढेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चढेल. तिथे ५,३५९ मीटरवर हवा विरळ, इंजिनाची ताकद बरीच उतरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुथत जाल पण जाल. फ्युएल इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतं, पूर्वी कार्ब्युरेटरवाल्यांना जेट बदलत बसावं लागे. मला काळजी तुमची आहे, गाडीची नाही. पुण्यात जूनचे चार शनिवार-रविवार धरा आणि ताम्हिणी, माळशेज, आंबेनळी पावसात करा. वरंधा उघडा असेल तर तोही. धुक्यात, ओल्या पानांवर ब्रेक कसा लावायचा हे अंगात मुरलं की मग गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवा आणि तिथून सुरुवात करा. पुणे ते चंदीगड हायवेवर दोनशे सीसी तासन् तास पिळण्यात शिकण्यासारखं काही नाही. पहिली सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सर्व्हिसिंगनंतर तीनेकशे किलोमीटर चालवून, काही सुटतंय-गळतंय का बघून मग निघा.


प्रश्न : जुनी हिमालयन ४११ मिळते आहे, २०२१ ची. उंची ५ फूट ९, दहा वर्षं पल्सर चालवतो, कच्च्या रस्त्याचा अनुभव नाही. काय बघून घेऊ? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला चालेल. ही गाडी २०१६ साली आली आणि २०२३ च्या अखेरीस बंद झाली. सीट ८००, म्हणजे सगळ्यांत खाली. वजन १९९ किलो, म्हणजे सगळ्यांत जड. २४ बीएचपीच्या आसपास ताकद, पण खालच्या वेगात ओढते छान, दगडातून चालत्या माणसाच्या वेगाने जाते. नवख्याला हे फार उपयोगी. उचलायला जड आहे, पण तुमची उंची पुरेशी आहे आणि हात सरावलेले आहेत.

मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, गार होऊ द्या. गार इंजिनाचा आवाज काही लपवत नाही.

मग मधल्या स्टँडवर घ्या. मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक हवेत आणा आणि हँडल अगदी हळू, दोन बोटांनी डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर बारीकसा खटका लागून थांबल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेली बेअरिंग, गेला. हा खटका समजला नाही तर डोळे मिटून करा, बोटांना लगेच लागतो. नंतर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत न्या आणि फ्रेमवरचा स्टॉपर बघा. तो वाकलेला, घासून रंगवलेला किंवा वेल्ड केलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे, मालक काहीही सांगो. हँडलच्या मुळाशी, टाकीच्या पुढे फ्रेमचे जोड टॉर्च मारून बघा. चाक फिरवून रिमजवळ काडी धरा, रिम आउट, म्हणजे वाकडी, असेल तर काडी एका जागी घासेल. स्पोकवर पाना वाजवत जा. आवळलेला टणटणतो, सैल झालेला बद्द वाजतो. पुढच्या शॉकपच्या नळीवरून बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेली. शेवटी जमिनीवर आडवे होऊन इंजिनखालचा पत्रा बघा. तिथले चर गाडीची खरी हकिकत सांगतात.

टाकीवर लडाखचे, स्पितीचे स्टिकर असले की मालक दहा हजार चढवून सांगतो. मी असतो तर दहा हजार उतरवले असते.

कागदात आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडीच्या नंबरवर थकलेले ई-चलान ऑनलाइन दिसतात, ते त्याला भरायला लावा.


प्रश्न : एक्सपल्स घेतली, वर वीस हजार शिल्लक आहेत. क्रॅश गार्ड, फॉग लाइट, आवाजाचा सायलेन्सर, ॲल्युमिनियमचे डबे – आधी काय बसवू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : यातलं काहीच नाही. आधी स्वतःला बसवा. घोट्यावर येणारे जाड बूट, गुडघ्यांचे गार्ड, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच असलेले हातमोजे आणि आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट. रस्त्याकडेला चटईवर मांडलेलं हेल्मेट शिक्क्यासकट खोटं असू शकतं. उरले तर हातांचे गार्ड, तेही आत धातूची पट्टी असलेले. नुसत्या प्लास्टिकचे वारा अडवतात, दगड नाही. आवाजाचा सायलेन्सर बेकायदा आहे, आणि आमच्या घाटात तो ऐकून गावकरी शिव्या घालतात. त्या तुम्हाला ऐकू येत नाहीत एवढंच.

एक गोष्ट फुकट आहे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर ज्या दोन बोल्टांनी बसतो, ते कंपनीतून घट्ट आवळून येतात. ते थोडे सैल करा, इतकेच की चालवताना लिव्हर जागचा हलू नये, पण तळहाताने जोरात दाबला तर फिरावा. क्लॅम्पखाली हँडलवर नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली तर आणखी छान फिरतो. गाडी पडली की लिव्हर जमिनीला लागून फिरतो, तुटत नाही. उचला, हाताने परत जागेवर आणा आणि चला.


प्रश्न : आम्ही मित्र दापोलीच्या बाजूला येतोय. वाळूत चालवायला किनारा कुठला चांगला? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कुठलाच नाही. किनाऱ्यावर गाड्या नेण्यावर बंदी आहे आणि भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्या काढायला आमच्याच लोकांना ट्रॅक्टर घेऊन जावं लागतं. खारं पाणी एकदा चेनच्या कड्यांत, स्पोकच्या निपलमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत शिरलं की वरून कितीही धुवा, आतून गंजत राहतं. आणि वेळास, आंजर्ले इकडे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला गावकऱ्यांना धरून ती जपली. घरटं वाळूच्या खाली असतं, गाडीवरून दिसत नाही. कड्यावरचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, आणि कासचं पठारही तसंच, पातळ मातीवर एक चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो.

वाळूसारखंच शिकायचं असेल तर चिरेखाणीकडे जाणारा रस्ता धरा. ट्रकांनी जांभ्याचा पार पिठासारखा भुगा केलेला असतो, पुढचं चाक त्यात बरोबर पोहतं. खाणवाल्याला विचारून, सुट्टीच्या दिवशी. फूटरेस्टवर उभे राहा, हँडल सैल धरा, नजर लांब टाका आणि रेस सोडू नका.


प्रश्न : ट्यूब की ट्यूबलेस? आमच्याकडे बाभळी भरपूर आणि जमीन काळी. – एक वाचक, परभणी

उत्तर : बाभळीचा काटा दोन्हीला सारखाच शिरतो. ट्यूबलेसमध्ये तो काटा उपटला, भोकात पट्टी ठोसली, पंपाने हवा भरली, पाच मिनिटांत निघालात. ट्यूबवाल्याला चाक काढावं लागतं, टायर रिमवरून उतरवावा लागतो, आणि हे उन्हात, एकट्याने. म्हणून तुमच्या भागात मुख्यतः डांबर आणि शेतरस्ता असेल तर अलॉय-ट्यूबलेसची व्ही-स्ट्रॉम एसएक्स सोयीची. स्पोकचं चाक दगडावर आपटलं तर लवतं आणि परत सरळ करता येतं, पण परभणीत दगड कुठे आहेत? तुमचा शत्रू ओली काळी माती. तिच्यात कुठलीच ॲडव्हेंचर गाडी चालत नाही, चाकाला माती लपेटत जाते आणि मडगार्डखाली दाबून बसते. पाऊस पडून गेल्यावर शेतात गाडी नेऊ नका, बांधाला लावा.

तरी स्पोकचीच घेतलीत तर २१ इंची पुढची ट्यूब एक जवळ ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याकडे ती नसते. अडीअडचणीला तीच ट्यूब मागच्या १८ इंची टायरमध्ये दुमडून घालता येते आणि हळूहळू घरापर्यंत चालते. उलटं, म्हणजे मागची पुढे, जमत नाही. चाक काढायचे पाने गाडीसोबत येतात ते एकदा घरीच वापरून बघा. कंपनीतला नट त्या आखूड पान्याने बऱ्याचदा सुटत नाही, त्याला वर पाइप घालावा लागतो. पाइप घरी शोधून ठेवा, तो सीटखाली मावतो.